नावं ठेवणारं गाव



आज सुरुवात एका छोट्या शब्दापासून करते. शब्द आहे ‘नाव’. आपल्या मराठीत बाळाचं नाव ठेवतात आणि शेजारणीला नावं ठेवतात. शब्द तोच, डोक्यावर एक टिंब तेवढं वाढलं. बारशाला आत्या कानात कुर्र करून जे नाव ठेवते ते एकदाच ठेवलं जातं. पुढे गाव जी नावं ठेवतं त्यांना बारसं लागत नाही, पेढे लागत नाहीत, आणि ज्या बाईला ती ठेवली जातात तिला कोणी बोलावतही नाही. पण पुष्कळदा हीच नावं जास्त टिकतात.

हा विषय घ्यायचं कारण सांगते. मागच्या एका कार्यक्रमानंतर एका मुलीचा फोन आला होता. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली आहे. शिवणकाम उत्तम येतं, क्लास सुरू करायचा आहे. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि नाव नोंदवलेल्या चार मुलींच्या आयांनी एकेक करून पाय मागे घेतला. ती म्हणाली, “ताई, तुम्ही जुन्या बायकांच्या गोष्टी सांगता. त्यांनी या बोलण्याचं काय केलं ते सांगा. मी गाव सोडू का?” तेव्हा फोनवर मला नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून आज थोडं मागे जाऊन, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या काही खऱ्या हकिगती सांगते.

आधी गावातलं बोलणं चालायचं कसं ते पाहू. तेव्हा घरोघरी वर्तमानपत्र नव्हतं, आणि बायकांत वाचता येणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग बातमी फिरायची कुठे? आडावर, नदीच्या घाटावर, जात्याशी, देवळाच्या ओवरीत. पुरुषांची फिरायची पारावर, चावडीपुढे आणि ओट्यावर. गंमत अशी की घाटावर चालायच्या त्या ‘बायकांच्या कुटाळक्या’ आणि पारावर चालायचा तो ‘गावचा विचार’! बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आपल्याला ऐकवतात. पण एखाद्या घराला वाळीत टाकायचा ठराव घाटावर कधी झाला नाही. तो झाला पुरुषांच्या बैठकीत.

या बोलण्याचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. सोयरीक करताना मुलाकडची माणसं कशी आहेत हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसे. कोणत्या घरात सुनेला मारतात, कोणाचा मुलगा जुगारात बसतो, कोणत्या सावकाराकडे अंगठा देऊ नये, हे आडावरच कळायचं. एखादी सून दोन दिवस पाण्याला आली नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी काही निमित्त काढून तिच्या दारात जायची. ज्यांच्या हातात ना कागद ना पैसा, त्या बायकांचं हेच पोलीस आणि हेच पोस्ट. म्हणजे बोलणं हत्यारासारखं होतं. विळीनं भाजी चिरतात आणि बोटही कापतं.

मग बोट कधी कापायचं? बोलण्याला शिक्षेची जोड मिळाली की. गावात कोणाचंच एकट्यानं भागत नव्हतं. लग्नाला भटजी हवा, हजामतीला न्हावी हवा, कपड्यांना परीट हवा, मयताला चार खांदे हवेत, मुलीला स्थळ हवं. एखाद्या घराबद्दल बोभाटा झाला आणि जातीतल्या पुढाऱ्यांनी मनावर घेतलं, की हे सगळं एकदम बंद. पंगतीला बोलावणं नाही, कोणी घरी जेवायला येणार नाही. जातीतल्या अशा तंट्याला जुन्या कागदपत्रांत ‘ग्रामण्य’ म्हणतात. त्यात सुनावणी व्हायची, पण शास्त्र्यांपुढे आणि पुरुषांची. जिच्याबद्दल बोललं जातंय तिला कोणी विचारायचं नाही. ती आत, माजघरात.

या भीतीनं काय होत होतं याचे आकडे आहेत. ते ऐकायला जड आहेत, पण ऐका.

पुण्यात एका घरी स्वयंपाकाचं काम करणारी एक तरुण ब्राह्मण विधवा होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. लोकांच्या तोंडी लागण्याच्या भीतीनं तिनं जन्मलेलं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यावरून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्यांनी छापील जाहिराती लावल्या. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, असा त्यांचा आशय होता.

या जाहिरातीतला ‘गुपचूप’ हा शब्द लक्षात घ्या. सावित्रीबाईंनी त्या बायकांना आधी काय दिलं? औषध नंतर, उपदेश तर नाहीच. आधी दिली ती अशी जागा, जिथे गावाचे कान पोचत नाहीत. १८७४ साली अशाच एका विधवेचं मूल फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

आणि आता आकडे. १८८४ सालच्या आपल्या टिपणात जोतीराव सांगतात की तोवर या घरात ३५ गरोदर विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांतली ५ मुलं जिवंत आहेत. उरलेली ३० दगावली. का? तर गर्भ लपवायला त्या आयांनी येण्याआधीच विषारी औषधं घेतली असावीत, त्यांनी पोटातच इजा झाली होती. दार उघडं होतं, आत सावित्रीबाईंसारखी बाई होती. पण त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच भीती पोचली होती. त्या तीस मुलांना कोणी एका माणसानं मारलं नाही. तशी फिर्याद कोणावर लावणार?

पुढची गोष्ट सुरतेची आहे, पण तिचं उत्तर आलं आपल्या वऱ्हाडातून. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सेशन कोर्टानं फाशी सांगितली. वर अपील झालं, फाशीची जन्मठेप झाली आणि मग शिक्षा आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटी होती. मूल काही एकटीचं नव्हतं.

या खटल्यावर इलाखाभर चर्चा झाली. पुण्यात ‘पुणेवैभव’ नावाचं सनातनी बाण्याचं पत्र निघत असे. त्यानं या निमित्तानं समस्त बायकांनाच नावं ठेवली. हल्लीच्या बायका कशा बिघडल्या, विधवांना पुन्हा लग्नं हवीत म्हणजे काय, असा सूर. घाटावरची कुजबुज चार बायकांत राहते. ही छापून निघाली आणि गावोगाव गेली.

ती बुलढाण्यालाही गेली. तिथे ताराबाई शिंदे राहत होत्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. बुलढाण्यासारख्या लहान ठिकाणी बसून या बाईनं त्या बोलण्याला पुस्तकानं उत्तर दिलं. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. म्हणणं अगदी सरळ. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? विधवेचं पाऊल चुकलं म्हणता, मग तिच्याबरोबर दुसरं पाऊल कोणाचं होतं? त्याला का नाही कोणी नाव ठेवत?

गावच्या बोलण्याचं मर्मच ताराबाईंनी पकडलं होतं. हे बोलणं सगळ्यांबद्दल सारखं नसतं. एकाच गोष्टीत दोघं असतात, पण बोट एकाकडेच जातं, आणि ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्याकडे जातं. पुरुष गाव सोडून जाऊ शकत होता, दुसरं लग्न करू शकत होता, पारावर चार लोकांत बसून आपली बाजू सांगू शकत होता. विधवेला यातलं काहीच करता येत नव्हतं. म्हणून बोलण्याचा सगळा भार तिच्यावर.

ताराबाईंचं पुढे काय झालं? त्यांनाही नावं ठेवली गेली, आणि तीही विरोधकांनीच नव्हे, सत्यशोधक वर्तुळातल्या माणसांनीही. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून पुढे आणलं. मधे ९३ वर्षं गेली.

आता याच ‘पुणेवैभव’ची आणखी एक गोष्ट. आठ वर्षांनंतरची, थोडी गमतीची आणि शेवटी गंभीर.

डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव तुम्हाला ठाऊक आहेत. आनंदीबाई १८८७ साली गेल्या. त्यानंतर, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. गोपाळरावांच्या खटपटीनं शहरातली बडी मंडळी आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी मान राखायला नुसता पुढ्यात घेतला. आणि काही दिवसांनी ‘पुणेवैभव’मध्ये, कोणकोण मिशनऱ्यांच्या घरी चहाला होतं, त्यांची नावं छापून आली. चाळिसांहून जास्त नावं! ती पुरवली होती खुद्द गोपाळरावांनी.

झालं. पुण्यात गहजब झाला. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य उभं राहिलं. एका पेल्यातल्या चहाचं हे वादळ दोन वर्षं चाललं.

टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांचा प्रश्न वेगळा होता. ते मोठ्या पगाराचे, हायकोर्टापर्यंत पोचणारे. त्यांचं कोणी फार वाकडं करू शकत नव्हतं. पण यादीतल्या इतर मित्रांचं तसं नव्हतं. ते एकत्र कुटुंबात राहत होते. घरात म्हातारे आई-वडील, लग्नाच्या मुली, मुंजीचे मुलगे. यजमान घरी असल्यावर भटजी श्राद्धाला येईना. माहेरी आलेल्या लेकीला सासरी परत घेतील की नाही हा घोर. शेवटी १८९२ साली रानड्यांनी मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांना फार बोल लावले. ते त्यांनी का केलं हे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे: आपल्यामुळे मित्रांच्या घरातल्या माणसांना त्रास नको.

इथेही तोच नियम दिसतो. चहा प्याले पुरुष. झळ लागली माजघराला.

आणि आणखी एक. ती यादी बहुतेक खरी होती. मंडळी तिथे गेली होती, चहा आला होता. खोटं काही नव्हतं. खरं बोलल्यानं काय बिघडतं, असं आपण म्हणतो ना? इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. बरीच वर्षं ती मनात आहे.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बसलो होतो. समोरच्या आळीतल्या एका मुलीचा विषय निघाला. ती जिल्ह्याच्या गावी टायपिंग शिकायला जायची. मी एवढंच म्हणाले, “हल्ली ती शेवटच्या एसटीनं येते.” खरं होतं. मी खिडकीतून पाहिलं होतं. पुढे एक शब्द मी बोलले नाही. पण वाण लुटून बायका आपापल्या घरी गेल्या आणि ती शेवटची एसटी त्यांच्याबरोबर गेली. पंधरा दिवसांत त्या गाडीत एक माणूस बसला, मग त्या माणसाला मोटारसायकल मिळाली. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. तिची आई जिल्ह्याच्या दवाखान्यात होती आणि क्लास सुटल्यावर ती आईला जेवू घालून यायची, हे मला नंतर कळलं. पुढे ती मुलगी एकदा मला बाजारात भेटली. मी विषय काढला. ती रागावली नाही. म्हणाली, “बाई, मला विचारायचं ना.”

म्हणून मी आता ‘मी कुठे खोटं बोलले?’ असं म्हणत नाही. खरं वाक्यसुद्धा अर्धं सोडलं की बाकीचं अर्धं गाव भरतं.

आता शेवटची हकिगत. ती जरा सविस्तर सांगते, कारण फोन करणाऱ्या मुलीचं उत्तर तिच्यात आहे.

कोकणात दापोलीजवळ मुरुड नावाचं समुद्राकाठचं गाव आहे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णासाहेब, तिथे वाढले. गावावर त्यांचा जीव. मुंबईत नोकरी करताना गावच्या भल्यासाठी १८८६ साली त्यांनी ‘मुरुड फंड’ सुरू केला होता. पुढे ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या.

दुसरीकडे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. बालपणीच लग्न झालं आणि लगेच वैधव्य आलं. बरीच वर्षं सासरी राबण्यात गेली. भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे मित्र. त्यांनी तिला मुंबईला आणलं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. आणि बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात कर्व्यांशी तिचं लग्न झालं. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले. बाया कर्वे.

विधवाविवाहाचा कायदा झाला होता १८५६ साली. म्हणजे सरकारनं परवानगी दिल्याला ३७ वर्षं होऊन गेली होती. पण गावची परवानगी वेगळी असते. मुरुडात सभा भरली आणि ठराव झाला. कर्व्यांबरोबर एका जाजमावर कोणी बसायचं नाही. ज्या सभेला कर्वे असतील तिथे कोणी जायचं नाही. आणि ते भावाकडे येऊन राहिले तर भावाचं घरही वाळीत.

ठराव नीट ऐका. कर्वे पुण्यात, पगार कॉलेजचा. जाजमावर बसू दिलं नाही म्हणून त्यांची चूल विझणार नव्हती. मग तिसरं कलम कोणावर होतं? मुरुडात राहणाऱ्या भावावर आणि लक्ष्मीबाईंवर, त्यांच्या आईवर. ज्या बाईला या लग्नाबद्दल काही ठरवायचा अधिकार नव्हता, तिला आपल्या मुलाला घरात घेता येईना. लग्न केलं मुलानं, आणि उंबरा बंद झाला आईचा. गावच्या बोलण्याची शिक्षा चूक करणाऱ्याला शोधत जात नाही. जो गाव सोडून जाऊ शकत नाही त्याला ती लागते. सुरतेच्या विजयालक्ष्मीपासून इथवर हेच दिसतं.

आता कर्व्यांनी काय केलं? त्यांनी गावाशी वाद घातला नाही आणि मानही टाकली नाही. त्याच वर्षी, १८९३ च्या डिसेंबरात, त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. तिचा सभासद होण्याची अट फार विचार करून घातलेली होती. ज्यानं विधवेशी लग्न केलं असेल, किंवा पुनर्विवाह झालेल्या कुटुंबाबरोबर उघडपणे पंगतीला बसायची ज्याची तयारी असेल, तो सभासद. बाकीच्यांची नोंद सहानुभूतिदार म्हणून.

किती साधी अट! भाषण करता येतं का हे विचारलं नाही, वर्गणी किती देणार हे पहिलं नाही. माझ्याबरोबर चारचौघांत जेवाल का, एवढंच. कारण कर्व्यांना हत्यार कळलं होतं. गावाच्या बोलण्यातली ताकद पंगतीतून येते. बोलणाऱ्यांची तोंडं बंद करता येत नाहीत, पण पंगत दुसरी मांडता येते. आणि मनातून सहानुभूती असणारे पुष्कळ असतात हेही त्यांना ठाऊक होतं. ते वाईट नव्हेत, पण त्यांची यादी वेगळी.

बायांचं काम दिसायला याहून साधं. घर चालवायचं, मुलं वाढवायची, आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करायची. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० पासून तो हिंगण्याला गेला. त्या काळात ज्या विधवा शिकायला आल्या त्यांच्या घरच्यांना पुन्हा तीच भीती: मुलगी बिघडली म्हणतील. बायांची सख्खी बहीण, पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा. त्या आश्रमात आल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसा उभा करू लागल्या. दोघींनीही आपल्या आयुष्याची हकिगत लिहून ठेवली: पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ आणि बायांचं ‘माझे पुराण’. मला यात फार अर्थ वाटतो. आपल्याबद्दल गावानं इतकं बोलून घेतलं, आता आपण आपलं सांगू. जी गोष्ट माणूस स्वतः सांगत नाही, ती दुसरे सांगतात, आणि आपल्या सोयीनं सांगतात.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आणि मुरुड? आज दापोलीकडे फिरायला गेलात तर मुरुडची ओळख लोक कौतुकानं करून देतात, महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून. ज्यांनी जाजमाचा ठराव केला त्यांची नावं आज कोणाच्या तोंडी नाहीत. पण एक विसरू नका. हे कौतुक उशिरा आलं. आई लक्ष्मीबाईंना त्याचा काय उपयोग झाला?

म्हणून नुसती वाट पाहणं हे उत्तर नव्हे. आपल्या राज्यानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. २०१७ पासून तो लागू आहे. एखाद्या माणसाला किंवा कुटुंबाला वाळीत टाकणं, त्यांच्याशी व्यवहार तोडायला लावणं हा आता गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुरुडसारखा ठराव आज कोणी केला तर पोलिसात जाता येतं. हे प्रत्येकीला माहीत असायला हवं. पण ठराव न करता, नुसतं ‘आमच्या मुलीला वेळ नाही हो’ म्हणून शिवणाच्या क्लासमधून नाव काढून घेतलं, तर त्याला कोणतं कलम लावणार? तिथे कायदा पोचत नाही. तिथे आपणच पोचायचं.

तर फोन करणाऱ्या माझ्या लेकी, तुला आता उत्तर देते. गाव सोडायचं की नाही ते तुझं तू ठरव. दुसरीकडे चांगलं काम मिळालं तर जरूर जा. पण बोलण्याच्या भीतीनं जाऊ नकोस, आणि जाशील तेव्हा मागे राहणाऱ्या आईचा विचार कर, कारण बोलणं तिच्या दारात बसून राहील. क्लास चार मुलींवर अडला असेल तर दोनवर सुरू कर. आपल्या घराची पाटी आपण लाव. आणि काय झालं होतं ते दोन वाक्यांत, तुझ्या शब्दांत, तुझ्या विश्वासातल्या दोघी-तिघींना सांग. त्या पुढे सांगतीलच. निदान सांगतील ते तुझं असेल.

आणि बाकीच्या आपण? घाट गेला, आड बुजले, पण मोबाईलवर गल्लीचा ग्रुप आहे. आलेली गोष्ट पुढे ढकलायला एक बोट पुरतं. त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारू. हे कोणी पाहिलं? यात दुसरं माणूस कोण आहे, आणि त्याचं नाव का नाही? आणि तिला कोणी विचारलं का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळेलही. तिसऱ्याला बहुतेक वेळा मिळणार नाही. तेव्हा बोट उचलायचं आणि तिच्या घरी जायचं. मी त्या वेळी तेवढं केलं असतं, समोरचीच तर आळी होती, तर एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं नसतं.

संक्रांत जवळ आली आहे. हळदीकुंकवाच्या याद्या निघतील. आपल्या यादीत कोण नाही ते एकदा पाहा. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, नवऱ्याला सोडून आलेली. त्यांतल्या एकीला बोलवा, आणि ती आली की तिच्याशेजारी, त्याच सतरंजीवर, आपण स्वतः बसा. मनातल्या मनात सहानुभूती असणाऱ्यांची यादी कर्व्यांनी वेगळी ठेवली होती. आपलं नाव कोणत्या यादीत घालायचं ते आपल्या हातात आहे.

माझ्या घरचं हळदीकुंकू या वर्षी पहिल्या शुक्रवारी आहे. त्या मुलीला मी आमंत्रण दिलं आहे. तिनं येते म्हटलंय.

नमस्कार.